हवा, माती, डाग

खडकवासल्यात राहणाऱ्या माणसाला पाणी आकड्यांत मोजायची सवय लागते. पावसाळ्यात मुठेच्या पात्रात किती क्युसेकने विसर्ग चालू आहे, पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून किती टीएमसी पाणी जमले, हे इथल्या चहाच्या टपरीवरही तोंडपाठ असते. या आकड्यांना जाबही विचारता येतो. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले, तेव्हा किती सोडले, केव्हा सोडले आणि कोणाला कळवून सोडले, असे प्रश्न लोकांनी विचारले आणि अधिकाऱ्यांना उत्तरे द्यावी लागली. ती समाधानकारक होती की नव्हती, हा निराळा विषय.

मी लिहितो आहे ते मात्र दुसऱ्याच एका पाण्याविषयी. ते धरणात नसते, सोयाबीनच्या दाण्यात असते. त्यालाही आकडा असतो, आणि त्या आकड्यावर एका कुटुंबाचे वर्ष ठरते. पण त्याला जाब विचारण्याची सोय नाही. मराठवाड्याच्या बाजारात या पाण्याला 'हवा' म्हणतात. 'हवा किती निघाली?' हा प्रश्न तिथे हवामानाविषयी नसतो.

माझा धाकटा चुलतभाऊ लातूर जिल्ह्यात शेती करतो. सहा एकर, त्यातले चार एकर सोयाबीन. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला तो वाचकांना आठवत असेल. नदीकाठची शेतेच्या शेते खरवडून गेली. भावाचे शेत उंचवट्यावर, म्हणून ते वाहून गेले नाही. नुसते उभे भिजत राहिले. शेंगा पिवळ्या पडलेल्या, म्हणजे काढणीला आलेल्या. उघडीप मिळेल तेव्हा कापायचे, ताडपत्रीखाली गंजी लावायची, पुन्हा सर आली की ताडपत्रीच्या कडांवर दगड ठेवत रात्र काढायची, असे पंधरा दिवस गेले. मळणी झाली तेव्हा दाण्याची साल सुरकुतलेली, काहींवर काळपट बुरशी, काहींवर जांभळे डाग, आणि थोड्या दाण्यांना शेंगेतच मोड आलेले. उतारा निम्म्यावर आला होता, तो वेगळाच.

दिवाळीच्या आधी त्याने आठ पोती बाजारात नेली. पहिल्या दुकानात यंत्राने हवा दाखवली १४.२. तिथला भाव पटला नाही, म्हणून तो रस्त्यापलीकडच्या दुकानात गेला. त्याच पोत्यातल्या मुठीची हवा तिथे १६.१ निघाली. रात्री फोनवर तो मला म्हणाला, "दादा, रस्ता ओलांडताना दोन टक्के पाणी कुठून आलं?" मी शिक्षक, मी त्याला यंत्रांच्या अंशांकनाविषयी काहीतरी सांगितले. तो म्हणाला, "मशीन त्यांचं, भाव त्यांचा. आपली काय, तर पोती." माल शेवटी ३,४०० रुपये क्विंटलने गेला. त्या हंगामाचा हमीभाव होता ५,३२८ रुपये.

ही हकिकत मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत सांगितली, तेव्हा समीक्षेची प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षे शिकवणारे एक सहकारी म्हणाले, "वाईट वाटते, पण शेवटी दर्जा हा दर्जा असतो. उद्या नापास झालेला विद्यार्थी म्हणाला, परीक्षेच्या दिवशी पाऊस होता, तर काय गुण वाढवून द्यायचे?" सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याची लाज मला घरी आल्यावर वाटली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर आहे. ते सोयाबीनविषयी आहे आणि 'दर्जा' या शब्दाविषयीही. साहित्याच्या शिक्षकांनी निदान दुसऱ्या विषयाकडे तरी पाठ फिरवू नये.

प्रथम सहकाऱ्यांचे जेवढे खरे आहे तेवढे मान्य करतो. ओले सोयाबीन ढिगात तापते, त्याला बुरशी लागते, त्याच्या तेलाची आम्लता वाढते आणि तेल शुद्ध करण्याचा खर्च चढतो. वजनाचा मुद्दाही रास्त आहे: ओल्या दाण्याबरोबर खरेदीदार पाणी विकत घेतो, आणि पाण्याला कोणी सोयाबीनचा भाव का द्यावा? म्हणून कपातीलाच माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. उलट मी म्हणतो, कपात मोजा. १५ टक्के ओलाव्याच्या १०० किलोंत कोरडा ऐवज ८५ किलो. हाच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला तर वजन भरेल ९६ किलो ५९० ग्रॅम. म्हणजे घट साडेतीन किलोंच्या आत. ५,३२८ रुपयांच्या हिशेबाने ती सुमारे १८२ रुपये होते. वाळवण्याची मजुरी, इंधन, डागांपोटी तेलाच्या दर्ज्यात पडलेला फरक, हे सगळे त्यात मिळवा. त्याचाही हिशेब मांडता येईल. भावाच्या पोत्यामागे जे १,९२८ रुपये हमीभावातून गळाले त्यातले किती पाण्याचे, किती डागांचे, किती मंदीचे आणि किती नुसत्या गरजेचे, हे त्याला कोणी सांगितले नाही. त्याच्या पावतीवर एकच आकडा होता. सगळी कारणे त्या एका आकड्यात विरघळवून टाकण्याचे काम 'दर्जा' हा शब्द करतो, आणि माझा वाद त्याच्याशी आहे.

आता हे निकष काय आहेत ते पाहू. तेलगिरण्या आणि व्यापारी यांच्यातला सौदा साधारणपणे 'दहा-दोन-दोन' या बोलीवर होतो: हवा १० टक्के, माती २ टक्के, डागी दाणा २ टक्के. (साहित्यात आपण मातीचा वास शोधत फिरतो, बाजार त्याच मातीचा टक्का कापतो. असो.) हमीभावाने खरेदी करणारे सरकारी केंद्र ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालवून घेते आणि एकंदर मालाला एक नाव देते: एफएक्यू, म्हणजे फेअर ॲव्हरेज क्वालिटी. रास्त सरासरी प्रत. हमीभाव जाहीर होतो तोच मुळी या प्रतीसाठी. तिच्या खालचा माल 'नॉन-एफएक्यू' ठरतो, आणि त्याला हमीभावाचे कवच उरत नाही.

या नावातला 'सरासरी' हा शब्द कोणी गंभीरपणे वाचला आहे काय? सरासरी कशाची?

हा शब्द आला कुठून, हे पाहिले तर गंमत कळते. ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या व्यापारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून एफएक्यू ही दरवर्षी नव्याने ठरत असे. हंगाम निघाला की ठिकठिकाणचे नमुने गोळा करायचे, ते एकत्र मिसळायचे, त्या मिश्रणाचे वजन करायचे, आणि तिथल्या व्यापारी मंडळाने जाहीर करायचे की यंदाची सरासरी ही. पाऊस बाधला असेल तर त्या वर्षीची सरासरीच खाली येई. शेतकऱ्याच्या मालाची तुलना त्याच आभाळाखाली पिकलेल्या मालाशी होई. त्या पद्धतीतही दोष होते. चांगला गहू पिकवणाऱ्याला जादा काही मिळत नसे, अशी तक्रार तिथेही होतीच. पण निदान सरासरी या शब्दाचा अर्थ सरासरी असा होता. आपल्याकडे तो शब्द आला आणि त्याच्या पोटात एक न हलणारा आकडा बसला. ज्या वर्षी जिल्ह्याच्या जिल्ह्यात सोयाबीन भिजले, त्या वर्षी भिजलेला दाणा हाच तिथला सरासरी दाणा होता. त्याला 'सरासरीपेक्षा कमी' म्हणणे हे गणित नव्हे. आख्खा वर्ग सरासरीखाली आहे असा शेरा एखाद्या परीक्षकाने मारला, तर आपण त्याला अंकगणित शिकायला पाठवू.

आकडा न हलणारा आहे, हेही पुरते खरे नाही. तो हलतो, फक्त पावसाने हलत नाही. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने त्या हंगामापुरती सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांवर नेली. महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. दाण्याचे विज्ञान त्या पाच दिवसांत बदलले नव्हते. गव्हाचेही तसेच. एप्रिल २०२३ मध्ये उत्तरेत गव्हावर पाऊस पडला, तेव्हा पंजाब-हरियाणात सुकलेल्या आणि तुटलेल्या दाण्यांची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत वाढवली गेली. सरकारला गहू हवा होता, रेशनच्या कोठारात भरायचा होता. म्हणजे घेणाऱ्याला गरज असली की निकष वाकतो, देणाऱ्याला गरज असली की तो ताठ होतो. 'दर्जा हा दर्जा असतो' असे म्हणणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे आपल्या टिपणवहीत लिहून ठेवावीत.

दुसरी गोष्ट निकषाच्या आकाराची आहे. सरकारी केंद्रावरचा निकष दारासारखा असतो. ११.९ आत, १२.३ बाहेर. वर केलेल्या हिशेबाने १५ टक्क्यांचे पोतेसुद्धा १८२ रुपये वजा जाता आणि वाळवणीचा खर्च सोडता हमीभावाच्या योग्यतेचे असते. पण दार त्याला १८२ रुपये वजा करून आत घेत नाही, सरळ परत पाठवते. भाड्याचा टेम्पो उभा असतो, चालक घड्याळाकडे पाहत असतो, परतीचे भाडे वेगळे. मग ते पोते जाते कुठे? रस्त्यापलीकडे, जिथे दार नसून उतार असतो; आणि त्या उताराला किती चढण द्यायची हे उताराचा मालक ठरवतो. २०२५ च्या हंगामात सरकारी खरेदी १५ नोव्हेंबरला सुरू झाली. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. हरभऱ्याची पेरणी, मळणीची उधारी, लेकरांचे कपडे, यांतले काहीही १५ नोव्हेंबरपर्यंत थांबत नाही. तारीख हीसुद्धा एक चाळणीच असते. तीतून लहान शेतकरी आधीच गळून गेलेला असतो, यंत्राची पाळी मग येते.

आणि आता या व्यवहारातला सर्वांत रंजक भाग. नाकारलेला, डागी ठरलेला तो माल व्यापाऱ्याच्या गोदामात गेल्यावर त्याचे काय होते? तो फेकला जात नाही. त्याला चाळणी लागते, ऊन दाखवले जाते, आणि तो बऱ्या मालात मिसळला जातो. २० क्विंटल १५ टक्क्यांचे आणि २० क्विंटल ९ टक्क्यांचे एकत्र केले की ४० क्विंटल १२ टक्क्यांचे होतात. गिरणीच्या फाटकावर ट्रक उभा राहतो तेव्हा त्यातला डाग पातळ होऊन नियमात बसलेला असतो. यात बेकायदा काही आहे असे मी म्हणत नाही. धान्याचा व्यापार जगभर असाच चालतो. मला फक्त हे दाखवायचे आहे की सरासरी तयार होते ती इथे, गोदामात. ज्याच्यापाशी मोठा ढीग आहे त्याला सरासरीचा लाभ मिळतो. ज्याच्यापाशी आठ पोती आहेत त्याला सरासरी लागू होत नाही. त्याचे प्रत्येक पोते एकटे उभे राहून तपासले जाते, आणि त्याचा प्रत्येक डाग पूर्ण किमतीचा असतो. 'रास्त सरासरी प्रत' हे नाव शेतकऱ्याच्या तोंडावर फेकले जाते आणि तिची कमाई दुसऱ्याच्या वहीत जमा होते.

ज्वारीचे असे नव्हते. पावसात ज्वारी काळी पडली तर बाजारात मार खाई, पण घरात तिची भाकरी होई, फारच खराब असेल तर जनावरापुढे जाई. काळ्या ज्वारीच्या भाकरीला चव नसते; मी ती खाल्ली आहे. तरी विकायचे की नाही हे ठरवण्याची थोडी जागा त्या भाकरीने शेतकऱ्याला ठेवली होती. सोयाबीन घराच्या चुलीवर चढत नाही. महाराष्ट्रात सुमारे ५० लाख हेक्टरांवर पसरलेल्या या पिकाचा दाणा पिकवणाऱ्याच्या ताटात जवळजवळ नसतोच. तो गिरणीत जातो आणि तेल व पेंड होऊन बाहेर पडतो. त्याला गिरणीवाचून दुसरा वाली नाही, म्हणून गिरणीच्या वतीने मूठ उघडून बघणाऱ्याचा शब्द अखेरचा. जोंधळ्यावर ओव्या आहेत, म्हणी आहेत. सोयाबीनवर एक म्हण असली तर मला कोणी कळवावी. गेल्या चार-पाच दशकांत ज्या पिकाने मराठवाडा आणि विदर्भ यांचे अर्थकारण बदलले, त्याच्याविषयी भाषेत इतकी शांतता का, हा प्रश्न ग्रामीण साहित्याच्या अभ्यासकांनी घ्यावा. मला वाटते, जे पीक घरात राहत नाही ते भाषेतही मुक्कामाला येत नाही. हे चुकीचेही असेल.

परीक्षेच्या उपमेकडे परत येतो. सहकाऱ्यांनी ती दिली हे बरेच झाले, कारण परीक्षा म्हणजे काय हे आम्हा शिक्षकांना ठाऊक असते. नापास विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. परीक्षकाचे गुण दुसरा एक जण तपासतो. उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, गुण कमी दिल्याने परीक्षकाचा काही फायदा होत नाही. या पाचांपैकी एक तरी सोय माझ्या भावाला होती काय? त्याच्या परीक्षकाने जितके कमी गुण द्यावेत तितका त्या परीक्षकाचा नफा वाढणार होता. अशी परीक्षा कोणत्याही विद्यापीठाने घेतली असती, तर आपण मोर्चा काढला असता.

इथून जवळच, धरणाला लागून, केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा आहे. १९१६ साली स्थापन झालेली. तिथे नद्यांचे आणि बंदरांचे लहान नमुने बांधून त्यांत पाणी खेळवतात. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो, तेव्हा तिथल्या अभियंत्याने एक गोष्ट समजावून सांगितली. नमुना बांधला की लगेच त्यावर विश्वास ठेवत नाहीत. आधी त्यात पूर्वी येऊन गेलेला, नोंदलेला पूर सोडतात. नमुन्यातले पाणी खऱ्या पुराच्या खुणांशी जुळले, तरच तो नमुना पुढचे काही सांगण्यास लायक. बाजारातही 'नमुना' हाच शब्द आहे. पोत्यात एक पोकळ, टोकदार सळई खुपसतात, तिच्या पन्हाळीतून मूठभर दाणे येतात, आणि ती मूठ आठ पोत्यांच्या वतीने बोलते. तळाचे पोते की वरचे, सकाळच्या दवात की दुपारच्या उन्हात, हे सळई धरणारा ठरवतो. ओलावा मोजायचे यंत्र दाण्यातले पाणी थेट मोजत नाही; दाण्यांच्या विद्युतगुणांवरून त्याचा अंदाज बांधते. दाणा किती गरम आहे, अंशांकन केव्हा झाले, यांवर तो अंदाज हलतो. म्हणूनच १४.२ आणि १६.१ यांच्यामध्ये नुसता एक रस्ता असू शकतो. दोन्ही दुकानदार प्रामाणिक असतील, असेही मी धरून चालतो. प्रामाणिकपणाने प्रश्न सुटत नाही. हे यंत्र कोणत्या खुणांशी जुळवून पाहिले, हे विचारायची मुभा शेतकऱ्याला असेल तेव्हाच तो सुटेल.

आपल्या समीक्षेची अर्धी परिभाषा या बाजारातूनच आली आहे. निकष म्हणजे सोनाराचा दगड. कसोटी म्हणजे तोच. कस म्हणजे त्यावर उमटलेली रेघ. तीवरून कसदार, सकस. तोलामोलाचा लेखक, अस्सल अनुभव, भेसळ, पारख, प्रत. हे शब्द वापरताना आपण ती मूळ कृती विसरलो. कसोटीच्या दगडावर सोनार एक रेघ ओढत नाही. तपासायच्या दागिन्याची रेघ ओढतो आणि शेजारी ज्ञात कसाच्या सोन्याची रेघ ओढतो. दोन रेघा, एकाच दगडावर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. दोन्ही बाजूंना एकदम दिसते म्हणून ती कसोटी. निकष या शब्दात तुलना आणि साक्ष ही दोन्ही अंगे मुळातच होती. आपण ती काढून टाकली आणि मागे नुसता अधिकार ठेवला. मग समीक्षेच्या तासाला 'निकष सैल करू नयेत' असे बजावणारा शिक्षक आणि 'हवा जास्त आहे' म्हणून मूठ पोत्यात परत टाकणारा खरेदीदार यांच्या आवाजात विलक्षण साम्य येते. दोघांनाही आपला दगड दाखवायचा नसतो.

एक शेत किती वेळा तपासले जाते, तेही बघण्यासारखे आहे. अतिवृष्टी झाली की पंचनामा होतो. मदत मिळायची तर नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते, म्हणजे शेतकऱ्याने आपले पीक पुरेसे वाईट आहे हे सिद्ध करायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, ते या वाटेने यायचे. पीकविम्याची वाट दुसरी. २०२५ च्या खरिपात राज्यात भरपाईचा मुख्य आधार पीककापणी प्रयोग होता, आणि त्या प्रयोगात मोजतात वजन. काळा पडलेला दाणाही वजनाला भरतो. विम्याच्या लेखी तो दाणाच. तिसरी तपासणी बाजाराची: तिथे त्याच शेतकऱ्याने, त्याच महिन्यात, तेच पीक चांगले आहे हे सिद्ध करायचे. तलाठी क्षेत्र बघतो, विमा वजन बघतो, खरेदीदार रंग बघतो. वजनात न दिसणारा आणि भावात पुरेपूर दिसणारा जो डाग आहे, तो या तिघांच्या मधल्या फटीत पडतो आणि शेतकऱ्याच्या एकट्याच्या नावे राहतो. ज्या सरकारने तालुका अतिवृष्टीग्रस्त म्हणून जाहीर केला, त्याच सरकारच्या खरेदी केंद्रावर त्या तालुक्याचा माल जणू कोरड्या आभाळाखाली पिकला असावा अशा अपेक्षेने तपासला जातो. एका हाताने लिहिलेले दुसऱ्या हाताने वाचू नये, असा हा प्रकार.

खडकवासल्याच्या धरणाचे काम एकोणिसाव्या शतकात चालू असताना जोतीराव फुल्यांनी तिथे बांधकामाच्या मालाचा पुरवठा केल्याची नोंद त्यांच्या चरित्रांत सापडते. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. मला नेहमी वाटते की हे पुस्तक ज्याने लिहिले त्याला ठेकेदारीने एक शिक्षण दिले असले पाहिजे: मोजमापाची वही कोणाच्या हातात आहे यावर दगडाचे माप ठरते. आपण ते पुस्तक अभ्यासक्रमाला लावतो. त्यावर टीप लिहा, पाच गुण. 'तत्कालीन शेतकऱ्याची स्थिती' असे म्हणून त्याला 'तत्कालीन' या शब्दात बंद करतो आणि मधल्या सुट्टीत म्हणतो, दर्जा हा दर्जा असतो.

काय करता येईल, असे विचारणारे वाचक असतील. क्रांतीची गरज नाही. ज्या तालुक्यात अतिवृष्टी जाहीर झाली, तिथे त्या हंगामाचे नमुने गोळा करून त्या हंगामाची सरासरी ठरवावी आणि हमीभावाची खरेदी तीवर करावी. दाराच्या जागी उतार आणावा, आणि तो उतार लिलावाआधी फळ्यावर लिहावा: हवेच्या एका टक्क्याला इतके, डागाच्या एका टक्क्याला इतके. पावतीवर यंत्राचा आकडा आणि कपातीचे कारण वेगवेगळे लिहावे. बाजार समितीच्या आवारात एक यंत्र असे असावे जे खरेदीदाराचे नाही आणि शेतकऱ्याचेही नाही, आणि ज्याच्याकडे दुसऱ्यांदा मूठ नेता येईल. यातल्या एकाही गोष्टीला नवे शास्त्र लागत नाही. 'याने चांगल्या मालाचे खच्चीकरण होईल' असा आक्षेप येईल, तर त्याचे उत्तर त्या फळ्यावरच आहे: उतार वरच्या बाजूलाही चालतो. नऊ टक्के हवेच्या मालाला जादा भाव द्या की. आजवर कपातीचा तक्ता ज्यांना तोंडपाठ होता, त्यांना वाढीचा तक्ताही पाठ करता येईल.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. भावाने एक पोते विकले नव्हते, पुढच्या पेरणीला बियाणे म्हणून ठेवता येते का ते बघायला. विकायच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. घरच्याला कोणी विचारत नाही, तरी बघायचे. भावजयीने ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगेत शंभर दाणे मांडले, निवडून नव्हे, पोत्यात हात घालून येतील तसे. गोणपाट गुंडाळून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवले आणि रोज त्यावर पाणी शिंपडले. आठव्या दिवशी ते उलगडले, तेव्हा मी शेजारी बसलो होतो. ती बोटाने एकेक मोड मोजत गेली. तीन दाण्यांची साल फुटली होती, पण मूळ धड बाहेर आले नव्हते. भाऊ म्हणाला, "ते बी धर की." तिने ते तीन बाजूला काढले.

"एकेचाळीस," ती म्हणाली, आणि गोणपाट झटकायला उठली.